सांगता येत नाही

मागच्या महिन्यात अंगाचा साबण होता,
या महिन्यात परराष्ट्र धोरण.
फॉर्म तसाच, रकाने तेच पाच:
पूर्ण सहमत, थोडे सहमत,
थोडे असहमत, पूर्ण असहमत,
आणि कडेला, नको असलेल्या पाहुण्यासारखा
अंग चोरून बसलेला
‘सांगता येत नाही’.
एका फॉर्मचे पंचावन्न रुपये. चहा आपला आपण.

ससून डॉकवर, बर्फाच्या चुऱ्यात पाय रोवून
जनीबाय वैती कोळंबी सोलत होती.
‘शेजारी राष्ट्राशी संबंध कसे असावेत?’ मी वाचलं.
तिने मान वर केली नाही.
माझा दीर ओख्याच्या बोटीवर खलाशी होता गो,
जाळ्यामागे गेला,
पाण्यावर कुणी रेघ मारलीय ते कळलं नाय.
चौदा महिने तिकडच्या तुरुंगात.
येताना मण्यांची पर्स घेऊन आला, स्वतः विणलेली,
तिकडच्याच एका म्हाताऱ्या कैद्यानं शिकवली.
माझ्या सुनेनं ती हळदीत मिरवली.
आता तूच बोल, खूण कुठं करतेस?
मी पेन झटकलं.
पेनात शाई होती.

माझगावचे रेडकर,
परदेशी टपाल कचेरीतून निवृत्त.
त्यांनी आधी पाणी दिलं, मग मला दुरुस्त केलं:
राष्ट्र म्हणू नका, खण म्हणा.
एकतीस वर्षं मी खणांत पत्रं टाकली.
युगोस्लाव्हियाचा खण माझ्या डोळ्यांदेखत फुटला,
एका चिठ्ठीच्या जागी पाच डकवल्या,
खळ मीच शिजवली होती.
पत्रं मात्र येतच राहिली
जुन्याच देशाच्या नावानं.
‘मग तुमचं मत काय लिहू?’
‘पत्ता सुवाच्य लिहावा.’

घाटकोपरला तन्मेश, वय बावीस:
अकराच्या अकरा प्रश्नांना ‘पूर्ण सहमत’, चार मिनिटांत.
सीमेपार घुसावं, व्यापार तोडावा,
गरज पडली तर समुद्रही बंद करावा.
इतका स्वच्छ फॉर्म वर्षभरात मिळाला नव्हता.
शेवटी वैयक्तिक माहिती. व्यवसाय?
तो दाराच्या कडीशी खेळत राहिला.
आतून आईचा आवाज:
लिहा, बघतोय.

ऑर्लेममध्ये सिंथिया परेराच्या फ्रिजवर
जगाचा नकाशा, आणि त्यावर एक लाल चुंबक.
पोरगा तेलाच्या जहाजावर. चुंबक रोज सकाळी
ती नखभर सरकवते.
सहा दिवस ते होर्मुझच्या अलीकडेच होतं.
‘याचं काही विचारलंय का तुझ्या कागदात?’
मी उलटसुलट पाहिलं. नव्हतं.
चार नंबरला अण्वस्त्रं होती, पाचला प्रतिष्ठा.

रात्री सुपरवायझरचा फोन:
मॅडम, ‘सांगता येत नाही’ फार झालेत.
क्लायंटला दहा टक्क्यांच्या आत पाहिजेत.
जरा इकडेतिकडे वाटून टाका.

मग मी, प्रमिला घाग,
गॅसवर डाळ, ओट्यावर एकोणीस फॉर्म,
देशाची भूमिका ठरवत बसले.
जनीबायला ‘थोडे सहमत’मध्ये टाकलं,
कुकरची शिट्टी झाली.
रेडकरांना असहमत. चिडले असते ते.
सिंथियापाशी हात थांबला,
तिला कुठेच ढकलवेना.
तिचा एक तसाच ठेवला. टक्का बसत होता.

गेल्या रविवारी पेपरात जाड अक्षरात:
मुंबईकर ठाम, एकसष्ट टक्के.
जिन्यात चुरीकाका पेपर नाचवत म्हणाले,
बघा, लोकांना सगळं कळतं हो!
मी हो म्हटलं. पिशवीत तोंडली होती,
ती वाहून हात दुखत होता.
त्या एकसष्टातला थोडासा तरी
माझ्या ओट्यावर शिजलेला.

पुन्हा फोन आलाय.
पुढच्या महिन्यात भांड्यांचा साबण.
बरंय.
तिथे बाया सरळ बोलतात:
फेस कमी येतो,
हात सोलवटतात.